निरोगी रक्त कुणाचं

मी नमुकासा. कंपालाच्या या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं रक्त तपासतेय, आणि सध्या माझंच तोंड शिवल्यासारखं झालंय.

रक्ताच्या जुनाट कर्करोगाचे पेशंट आमच्याकडे येतात. त्यांच्या लढाऊ पेशी रोगाच्या पेशींसमोर सोडायच्या. त्या निरोगी माणसाच्या पेशींइतक्या चवताळल्या, तर डॉक्टर गोळ्या थांबवतात. मग रोग सहसा उलटत नाही. आता दर वेळी निरोगी माणूस आणायचा कुठून? माझाच दंड पुढे! प्रयोगशाळेतली माझी जोडीदारीण बिरुंगी चिडवायची, "नमुकासाबाई, तुम्ही आमची दुभती गाय!"

मार्चमध्ये सेम्पिज्जा मास्तरांच्या लढाऊ पेशींचा आकडा माझ्या बरोबरीचा आला. शाळेत यांनीच मला गणित शिकवलं. गोळ्यांनी त्यांच्या पायात पेटके यायचे, डोळे सुजायचे. या वर्षी गोळ्या सुटलेले ते एकटेच. म्हातारा आमच्या दारात नाचला आणि मटोकेचा, म्हणजे हिरव्या केळ्यांचा, अख्खा घड ठेवून गेला.

गेल्या आठवड्यात मी मामाच्या मयताला गावी गेले, तेव्हा बिरुंगीने स्वतःचं रक्त वापरलं. तिचा आकडा माझ्या चौपट! मेले गं बाई! परत आल्यावर मी माझं तीनदा तपासलं, मग पांढऱ्या पेशी मोजल्या, तर त्या बेसुमार वाढलेल्या. तोच रोग. माझ्यात.

रिपोर्टचा कागद पर्समध्ये कोंबला. बोलावं तर उद्यापासून मीही पेशंट, घरी तीन पोरं. गप्प बसावं तर माझ्या आजारी रक्ताशी ताडून गोळ्या सोडलेल्या मास्तरांचा जीव जातो. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी अर्धंच सांगायचं ठरवून त्यांना बोलावून घेतलं.

"मास्तर, गोळ्या परत सुरू कराव्या लागतील. ज्याच्याशी ताडून पाहिलं, ते रक्तच खराब निघालं."

"अरे देवा, परत ते पेटके!" ते मटकन बाकावर बसले. पोटरी चोळत म्हणाले, "खराब म्हणजे? तो माणूस आजारी आहे?"

"हो."

"त्याला सांगितलंस?"

"नाही अजून."

"का गं? मला धावत बोलावलंस, आणि त्या बिचाऱ्याला कुणीच सांगितलं नाही? लाव फोन. आत्ताच्या आत्ता. मी बसतो इथं."

मी फोन हातात घेतला. परत टेबलावर ठेवला.

"मास्तर," मी म्हटलं, "ती उचलणार नाही. फार घाबरलीय ती."