दीड इंच उंच झाले तेव्हा

मित्रांनो, मी आता जुनी म्हणावी अशी एक एटीव्ही आहे. चार गुबगुबीत चाके, मोटारसायकलसारखे हँडल आणि लांबलचक सीट. डांबरी रस्त्यावर मला कोणी विचारत नाही. पण जिथे रस्ता संपतो, तिथे माझा मान सुरू होतो.

कारखान्यातून निघाले ती मी थेट दोन बहिणींच्या घरी आले. दोघी मधमाश्या पाळत. त्यांच्या मधपेट्या टेकडीच्या माथ्यावर, रानफुलांत ठेवलेल्या होत्या. धाकटी मला चालवायची आणि थोरली तिच्या मागे बसायची. धाकटी कामाला वाघ, पण माश्यांचे मन ओळखावे ते थोरलीनेच. झाकण उघडताच आत काय शिजते आहे, हे तिला कळायचे. "चिमे, या बायांना जागा पुरत नाहीये गं," असे ती म्हणायची आणि धाकटी निमूटपणे पेटीवर आणखी एक मजला चढवायची. येता-जाता दोघी माझ्या पाठीवर भांडत, खिदळत, अर्धवट आठवणारी गाणी म्हणत. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे माझे टायर झिजून गुळगुळीत झाले. ओल्या चढावर मी घसरू लागले. वाटेतले धोंडे माझ्या पोटाला खरवडत. धाकटी मला टायरवाल्याकडे घेऊन गेली.

टायरवाल्याने जुन्या टायरवरचा चिखल पुसून आकडे वाचले. "पुढचे पंचवीस-आठ-बारा, मागचे पंचवीस-दहा-बारा. पहिला आकडा उंचीचा, दुसरा रुंदीचा, तिसरा आतल्या रिमचा. सगळं इंचांत. हेच पुन्हा घ्या, डोक्याला ताप नाही."

"पण पोटाला दगड घासतात हो. अठ्ठावीसचे नाही बसणार?"

"बसतील. पण टायर तीन इंच उंच झाला, तरी गाडी दीडच इंच वर उचलली जाईल. शिवाय हँडल जड होईल, चढावर दम लागेल. बघा बुवा."

"दीड तर दीड. बसवून टाका!"

दुकानाच्या काचेत मी स्वतःला पाहिले आणि हरखून गेले. केवढी ऐटबाज दिसत होते मी!

घरी थोरलीने माझ्याभोवती एक फेरी मारली. सीटवर हात ठेवला आणि काढून घेतला. "छान दिसतेय," ती म्हणाली. "उद्या तू एकटीच जा. मला घरी काम आहे."

दुसऱ्या दिवशी तिला बरण्या धुवायच्या होत्या. मग डोके दुखत होते. मग ऊन फार होते. माझी मागची सीट रिकामीच राहू लागली. मला काही उमजेना आणि धाकटीलाही नाही.

एके दिवशी आम्ही माथ्यावर पोहोचलो, तर एक भरलेली पेटी जवळजवळ ओस पडली होती. माश्यांचा मोठा थवा उठून निघून गेला होता. धाकटी पडल्या चेहऱ्याने घरी आली.

"नवी राणी वाढवायची मोठाली घरं दिसली नव्हती का गं आत? ती दिसली की थवा उठणारच," थोरली म्हणाली.

"दिसली असतील. मला ओळखता नाही आली, ताई."

 त्याच संध्याकाळी थोरली एकटी माझ्या शेडमध्ये आली. तिने एक रिकामी मधपेटी उलटी करून माझ्या शेजारी ठेवली. तिच्यावर चढून, माझे हँडल धरून तिने पाय उचलला. तो सीटवरून पलीकडे जाण्याआधीच पेटी डगमगली. तिची कंबर अडकली, पेटी सरकली आणि ती माझ्या अंगावरून घसरत खाली बसली. मित्रांनो, मला हात असते तर!

आवाज ऐकून धाकटी धावत आली. "ताई! अगं, काय करतेस?"

"चढायचा सराव."

"सराव?"

"पहिल्या उंचीवर कसाबसा पाय जायचा. आता नाही जात."

"मग बोलली का नाहीस?"

"तू किती खूश होतीस. आणि कंबर गेली म्हणून काय दवंडी पिटायची?"

धाकटी तिच्याजवळ जमिनीवरच बसली. "मी दगडांची उंची मोजली गं," ती म्हणाली, "तुला विचारलंच नाही." मग तिने थोरलीला हात देऊन उठवले.

सकाळी टायरवाल्याने मला पाहिले आणि एका शब्दानेही न टोकता पंचवीसचे नवे, खोल नक्षीचे टायर काढले. धाकटीने डाव्या बाजूला एक रुंद पायरीही जोडून घेतली. माझी ऐट गेली, पण थोरली माझ्यावर बसली! आता वाटेत मोठा धोंडा आला की धाकटी मला थांबवते, खाली उतरते आणि पहारीने तो बाजूला सारते. थोरली मागून हुकूम सोडते, "अगं, जरा जोर लाव, सकाळी जेवलीस ना?"

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे एखादे यंत्र असेल. त्याचे टायर बदलाल, तेव्हा आकडे नीट वाचा, जाणत्याला विचारा, हवा वेळच्या वेळी भरा. आणि पैसे देण्याआधी, त्याच्यावर ज्याला रोज चढायचे आहे, त्याला एकदा सोबत न्या. तो "मला चालेल" म्हणाला, तरी त्याला बसवून बघा.