दहापैकी नऊ

नागरिकशास्त्राच्या सरांना सगळी शाळा 'कायदेसर' म्हणायची. कलमं घोकून कुणी नागरिक होत नाही, अर्ज करता आला पाहिजे, हे त्यांचं पालुपद. म्हणून त्यांनी नववीला सांगितलं, शाळेतली डोळ्यांना खुपणारी एक खरी गोष्ट शोधा आणि मुख्याध्यापिकाबाईंना रीतसर अर्ज लिहा. बहुतेकांनी पंखा नाहीतर गळका नळ यांवर भागवलं. हुज्जत घालण्यात पटाईत म्हणून जिला सगळे 'वकीलबाई' म्हणत, ती मुलगी मात्र तिसऱ्या मजल्यावर गेली, कठड्याचा एकेक गज हलवून पाहिला आणि लिहिलं: डावीकडून चौथा आणि पाचवा गज खालून सुटले आहेत, कुणीतरी पडेल.

सरांनी लाल पेनानं 'विश्वासू'तला ऱ्हस्व उकार दीर्घ केला, दहापैकी नऊ गुण दिले, सही-तारीख घातली आणि वही परत केली. अर्ज पुढे पाठवायचा असतो, हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही. एकोणतीस वर्षं वह्या तपासल्या की माणसाचं असं होतं.

तीन आठवड्यांनी, मधल्या सुट्टीत, वकीलबाईच्या बाकावर बसणारी तिची जिवलग मैत्रीण त्या कठड्याला टेकली. दवाखान्यापर्यंतही ती पोचली नाही.

चौकशी समिती आली. कठड्याबद्दल कुणाचीही तक्रार आली नव्हती, असं मुख्याध्यापिकाबाईंनी लिहून दिलं. वहीतल्या अर्जाचं सरांनी सांगताच त्यांनी त्यांना आधीच बाजूला घेतलं होतं. वही मुलीकडे आहे, ती कशाला बोलेल, झाकली मूठ सव्वा लाखाची. नोकरी गेली तर या वयात दुसरी कोण देणार, हेही त्यांनी ऐकवलं. ते काही खोटं नव्हतं.

मग समितीपुढे सरांची पाळी आली.

"तक्रार आली होती," सर म्हणाले. "मी तिला नऊ गुण दिले."

कारकुनाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. सरांनी सगळं सावकाश पुन्हा सांगितलं आणि खाली सही केली.

बाहेर बाकावर वकीलबाई वडिलांशेजारी बसली होती. आत बोलावणं येण्याची वाट पाहत होती. दप्तर मांडीवर होतं. सर तिच्यासमोर उभे राहिले. त्यांना रडू आवरत नव्हतं.

"चूक माझी आहे, बाळा. तुझी काही नाही."



"पण पाठवलात का, असं मी कुठे विचारलं, सर? नऊ मिळाले म्हणून घरी सगळ्यांना दाखवत सुटले. तिलाही दाखवले." वडिलांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तरी ती थांबली नाही. "एक गुण का कापला, ते मात्र दोनदा विचारायला आले."

सरांना ते आठवत होतं. दोन्ही वेळा त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं होतं.