नारळी पुनवेचं तेल

भिकाजीमामाचा छोटा ट्रॅक्टर न्यायला दोडामार्गचं गिऱ्हाईक चार वाजता येणार होतं. मी वालावलला पोचलो तेव्हा अडीच वाजले होते.

मामा जन्माचा तांडेल, होडी हाकणारा. गलबतावर पडून कंबर गेली तशी होडी विकली आणि १९६४ साली गोव्यातल्या एका बागाइतदाराचा हा जुना ट्रॅक्टर आणला. बैलांमागे चालणं त्याला जमत नव्हतं, पण बसून माडांमधली जमीन नांगरता येई. आता तो बटणाने सुरू होईना, म्हणून विकायला काढला होता. तो गेला की जमीन दुसऱ्याला कसायला देऊन मुलाकडे मुंबईला जायचं ठरलं होतं. शेवंतीमामीने ट्रंक भरायला घेतली होती.

"गुरुदास, तुझ्या कॉलेजात ट्रॅक्टर शिकवतत काय रे?" मामाने विचारलं.

"वीज शिकवतात."

"मगे बघ. हँडल मारल्यार सुरू होता, पण माझी कंबर खंय आसा हँडल मारूक? बटन दाबल्यार नुसतो टक् करता."

हँडलने सुरू होतो, म्हणजे इंजिनात दोष नव्हता. कुडाळच्या मिस्त्रीने बॅटरी मेली म्हणून सांगितलं होतं, कारण बटण दाबलं की पुढचा दिवा विझे. मी दिव्याचा बल्ब काढून त्याला दोन तारा जोडल्या आणि त्या थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या.

"मामा, दाब बटण."

टक् झालं. बल्ब तसाच लख्ख राहिला.

मग एक तार बॅटरीच्या बटणाकडे जाणाऱ्या टोकावरच ठेवली आणि दुसरी इंजिनच्या लोखंडाला टेकवली. आता बल्ब मंद लागला, आणि बटण दाबताच विझला. बॅटरी जिवंत होती. वीज इंजिनातून तिच्याकडे परत येत नव्हती. परतीची वाट एकच, बॅटरीपासून सांगाड्यापर्यंत गेलेली जाड विणलेली पट्टी. तिचा बोल्ट मी खोलला. खाली काळं, चकचकीत, नखाने न निघणारं काहीतरी होतं.

"हे काय?"

"काजीच्या टरफलांचा तेल," मामा अभिमानाने म्हणाला. "नारळी पुनवेक होडयेक लावतत तां. आता होडी नाय, म्हणान यंदा ह्येका लावलंय. खाऱ्या वाऱ्यान लोखंड खाता ना? एकेक सांधो खोललंय, तेल लावलंय, मगे आवळलंय."

"आणि त्याआधी सुरू होत होता?"

दारातून मामी म्हणाली, "त्या तेलान हाताची सालटा निघाली, तरी थांबाक नाय. आता कळला?"

सुकलेलं ते तेल पाणी अडवतं, तशी वीजही अडवतं. मी सुरीने पट्टीचं टोक आणि सांगाडा खरवडला, पॉलिशपेपर मारला, चांदीसारखं लोखंड दिसेपर्यंत. बोल्ट आवळला. मामाने बटणावर अंगठा ठेवला, पण दाबेना.

"दाबा मगे एकदाचा!" मामी ओरडली.

इंजिन दोनदा फिरलं आणि धडधडू लागलं. मामाने ते बंद केलं, परत सुरू केलं, परत बंद केलं. पाच वेळा. मी मोजत होतो. मग तो हसला आणि डोळे पुसत म्हणाला, "मगे तेल लावचाच नाय?"

"लाव की. पण बोल्ट आवळल्यावर, वरून."

रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. मामा सीटवर चढला आणि ट्रॅक्टर चालवतच गिऱ्हाइकाला नाही म्हणायला कुंपणाच्या बेड्यापर्यंत, फाटकापर्यंत गेला. मामी आत गेली आणि ट्रंकेतली लुगडी एकेक करून परत दांडीवर टाकू लागली.