माझ्या व्हॉल्व्हवरचे दोन किलो

मी एक जुना, थंड पडलेला यंत्रमानव आहे. मित्रांनो, आज तुम्ही संग्रहालय बघायला येणार म्हणून राखणदाराने माझ्या पोटात गुपचूप चार कोळसे टाकले आहेत. एरवी मी गप्प असतो. विस्तव विझला की माझे तोंड बंद होते. कान मात्र पितळेचे असल्यामुळे उघडेच राहतात, आणि त्यातून बरेच नको ते आत जाते.

मला एका फिटरने घडवले. माझे पोट म्हणजे मोडीत निघालेल्या बोटीच्या स्वयंपाकघरातला बॉयलर. पाय दोन निराळ्या क्रेनचे, म्हणून मी डावीकडे झुकून चालत असे. लोकांना वाटे, याला फार विनय आहे. फिटरची भाची तेव्हा अकरा वर्षांची होती. अंगाने काडी आणि बोलायला टोकदार, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. तिने माझे नाव बंबोबा ठेवले. पुढे नगरपालिकेने मला क्रमांक दिला, पण त्या क्रमांकाने कोणी हाक मारली तर मी कधी वळलो नाही.

आमचे शहर वाफेचे. रस्त्याखाली वाफेचे नळ, रस्त्यावर वाफेच्या गाड्या आणि डोक्यावर वाफेची विमाने. दुपारी बारालाही दिवे लावावे लागत. दोरीवर पांढरा सदरा वाळत घातला की संध्याकाळी करडा सदरा मिळे. कबुतर कोणते आणि कावळा कोणता, हे ओरडण्यावरून ओळखायचे. अशा शहरात चोरांची चैन असते, कारण पळणारा माणूस दहा पावलांवर दिसेनासा होतो.

मामा खोकल्याने गेला. काजळी त्याच्या छातीत बसली होती आणि तिथे कुठला फिटर पोचत नाही. त्यानंतर टाचणीने कुलूपवाल्याच्या दुकानावरची खोली घेतली आणि दारावर लिहिले, ‘गुप्तहेर’. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पहिल्याच दिवशी माझ्या वजनाने जिन्याच्या तीन पायऱ्या मोडल्या. कुलूपवाला म्हणाला, “पोरी, तू गुप्तहेर आहेस हे आता अख्ख्या गल्लीला कळलं.”

ती डोके चालवी आणि मी दारे तोडी. पितळी नळ चोरणारी टोळी आम्ही पकडली. घड्याळाच्या मनोऱ्याचे काटे पळवणारा आम्ही पकडला. त्याबद्दल नगराध्यक्षांनी माझ्या छातीवर पदक ठोकले. खरोखरच ठोकले, खिळ्याने. पुढे तीन दिवस तिथून पाणी गळत होते. तरीही टाळ्या ऐकून बरे वाटले, हे कबूल करतो.

मग एके दिवशी कापडगिरणीचा बॉयलर फुटला. अकरा माणसे गेली.

आठवड्याभराने एक म्हातारी मोडक्या जिन्याने वर आली. इस्पितळात चादरी धुण्याचे काम करून तिचे हात पांढरे पडले होते. तिचा मुलगा त्या गिरणीत आगवाला होता, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा. अकरांपैकी तो एक. गिरणीच्या मालकाने फाटकावर पाटी लावली होती: ‘आगवाल्याच्या हलगर्जीपणामुळे अकरा जीव गेले.’

“मला रोज त्याच फाटकावरून कामाला जावं लागतं, बाई,” म्हातारी म्हणाली. “दुसरा रस्ता नाही. मला वाचता येत नाही, पण लोक थांबून मोठ्यानं वाचतात. तेवढी पाटी काढून द्या. बाकी काही मागत नाही.”

टाचणीने तिला पाणी दिले. एरवी ती गिऱ्हाइकाला तीस प्रश्न विचारत असे. त्या दिवशी तिने एकच विचारला.

“किती दिवस होता तो गिरणीत?”

“बावीस.”

मित्रांनो, इथे थोडे शिकवावे लागेल. कंटाळा आला तर छताकडे बघा, तिथे एक विमान टांगले आहे. प्रत्येक बॉयलरला एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. आत वाफ जास्त झाली की तो उचलला जातो, शिटी मारतो आणि जादा वाफ सोडून देतो. तो कितीला उचलावा हे ठरवायला त्याच्यावर एक दांडी असते, मापाचे वजन लावलेली. त्या दांडीवर आणखी वजन टांगले की व्हॉल्व्ह उचलला जात नाही. वाफ कोंडते, यंत्र जोरात पळते, आणि पळता पळता एक दिवस फुटते. म्हणून सरकार प्रत्येक व्हॉल्व्हला शिशाचे सील लावी. सील तोडलेले यंत्र आढळले तर ते कायमचे थंड करावे, असा कायदा होता. मलाही तो लागू होता.

गिरणीच्या व्हॉल्व्हवर कोणीतरी वजन टांगले होते. मालकाचे म्हणणे, आगवाल्याने लवकर घरी जाण्यासाठी टांगले. खरे काय ते त्या दांडीवरून कळले असते, पण स्फोटानंतर दांडीच सापडेना. टाचणीने दोन दिवसांत शोधून काढले, की गिरणीचा मुकादम ती वितळवायला ओतशाळेत नेतो आहे.

ओतशाळा टेकडीवर होती. मुकादम गाडीत, आम्ही पायी. अर्ध्या चढावर माझा व्हॉल्व्ह शिट्या मारू लागला. वाफ सुटे आणि मी मंदावे. गाडी धुरात दिसेनाशी झाली.

“बंबोबा, पळ ना रे!”

“पळतोय. पण मी पळालो की शिटी होते आणि शिटी झाली की मी थांबतो.”

ती शेजारच्या किराणा दुकानात घुसली आणि तराजूतले दोन किलोचे वजन घेऊन आली. दुकानदार मागून ओरडत होता, “अहो बाई, माझी साखर अर्धवट मोजलीय!” तिने माझ्या छातीचे दार उघडले, शिशाचे सील तोडले आणि तारेने वजन दांडीला टांगले.

“मामा असता तर हात मोडला असता माझा,” ती म्हणाली. “फक्त वरपर्यंत. मग काढते.”

शिटी थांबली. मी असा पळालो की माझेच मला आश्चर्य वाटले. आम्ही मुकादमाला ओतशाळेच्या दारात धरले. दांडी वाचली.

वजन मात्र काढले नाही. दुसऱ्या दिवशी एक पाकीटमार पकडायचा होता, तिसऱ्या दिवशी आणखी कोणी. वजन टांगलेले असले की मी घोड्याला मागे टाकत असे. गरज संपली तरी सोय संपत नाही, मित्रांनो. टाचणीने मेणबत्तीवर शिसे वितळवून सील पुन्हा चिकटवले. पोटात काहीतरी कुरकुरत असे. मी तिला सांगितले नाही आणि तिने विचारले नाही. असे तीन महिने गेले.

मग खटला उभा राहिला. आगवाल्याची आई पहिल्या बाकावर बसली होती. दांडी टेबलावर होती. तार जिथे बांधली होती तिथे दांडीला खाच पडली होती, चांगले बोटाचे पेर बसेल एवढी खोल.

टाचणी म्हणाली, “साहेब, बॉयलर थरथरतो, तार घासते, म्हणून खाच पडते. एवढी खोल खाच पडायला वर्षं लागतात. मुलगा नोकरीला होता बावीस दिवस. म्हणजे वजन त्याच्या आधीपासून होतं.”

मग सरकारी बॉयलर-तपासनीस उठले. ते मालकाकडे जेवायला जात आणि जेवण उत्तम असे. ते म्हणाले, “पितळ मऊ असतं, साहेब. दोन दिवसांत एवढी खाच पडते.”

“याच्या उलट सांगणारा कोणी आहे?” न्यायाधीशांनी विचारले.

कोणी नव्हते. शहरात बॉयलर कळणारी माणसे सगळी त्या तपासनिसांच्या हाताखाली होती. न्यायाधीशांनी चष्मा पुसला आणि निकाल लिहायला घेतला. म्हातारीने आपले पांढरे हात मांडीवर एकात एक घट्ट अडकवले.

माझी दांडी त्याच पितळेची होती. त्याच ओतशाळेतली, तोच शिक्का. मी टाचणीकडे पाहिले. माझ्या मनात काय आहे ते तिला लगेच कळले, आठ वर्षांची सोबत होती. तिने मान हलवली. नको. एवढीशी, कोणाला दिसणार नाही अशी.

मी उभा राहिलो. डावीकडे झुकूनच.

“साहेब, माझ्या छातीचं दार उघडा. आत वजन टांगलेलं आहे. तीन महिने झाले. खाच मोजून बघा.”

न्यायाधीश स्वतः खाली उतरले. आधी माझ्या दांडीवरून नख फिरवले. तीन महिन्यांत जेमतेम नख अडकेल एवढी रेघ पडली होती. मग त्यांनी टेबलावरच्या दांडीच्या खाचेत बोट ठेवले. बोट आत बसले.

“तपासनीस,” ते म्हणाले, “दोन दिवस म्हणालात ना?”

तपासनिसांना एकाएकी तहान लागली.

मालक तुरुंगात गेला, तपासनीसही गेले. त्याच संध्याकाळी शिपायांनी पाटी उतरवली आणि म्हातारी ते बघत उभी राहिली. टाचणीचा परवाना मात्र रद्द झाला. मला थंड करण्याचा हुकूमही त्याच कागदावर होता. न्यायाधीश वाईट नव्हते. कायदा मोठ्याने वाचताना ते दोनदा अडखळले.

निखारे यंत्राच्या मालकानेच ओढायचे असतात. टाचणी लोखंडी आकडी घेऊन माझ्यासमोर बसली.

“गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं?”

“तुझं काही बिघडलं नसतं. माझंही नाही.”

“मग?”

“आणि गिरणीच्या मालकाचंही नसतं.”

तिने आकडी माझ्या पोटात घातली. मग म्हणाली, “त्या दिवशी वर पोचल्या पोचल्या काढायला हवं होतं रे मी.”

“मीही सांगायला हवं होतं. पोटात कुरकुरत होतं.”

तिने एक एक निखारा बाहेर ओढला. शेवटचा ओढताना तिचा हात भाजला, आणि ती त्यासाठी रडते आहे असे तिने शिपायाला सांगितले. आता ती कुठल्याशा बंदरावर बॉयलर दुरुस्त करते म्हणतात. एकदाच इथे येऊन गेली. माझ्यासमोर उभी राहिली, काहीतरी बोलणार होती, आणि विमान बघायला निघून गेली.

तेव्हापासून मी या कोपऱ्यात आहे. माझ्या हातावर लोक छत्र्या अडकवतात. समोरच्या फलकावर लिहिले आहे, ‘सदोष यंत्राचा नमुना’. ते खोटे आहे असे म्हणता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात यंत्रे असतील आणि माणसेही असतील. कोणी शिटी मारू लागले, कुरकुरू लागले, तर त्याचे तोंड बंद करून त्याला पळवू नका. त्याने न सांगता पळत राहणे ही त्याची तब्येत बरी असल्याची खूण नव्हे.

आगवाल्याची आई मात्र महिन्यातून एकदा येते. ओल्या फडक्याने माझ्या अंगावरची काजळी पुसते. पदकाच्या खिळ्याभोवती गंज धरला आहे, तिथे जरा जास्त वेळ पुसते. मग विचारते, “कसा आहेस रे बाबा?” माझ्या पोटात विस्तव नसतो हे तिला राखणदाराने कितीदा सांगितले आहे. तरी ती स्टुलावर बसते आणि उत्तराची वाट बघते.