झिऱ्यावरचा घोट

मी तमन्नाताईंची स्टीलची पाण्याची बाटली बोलतेय. खरं तर तोंड लपवून बसावं असं वाटतंय.

ताई पहिल्यांदा परदेशी निघाल्या तेव्हा त्यांच्या अम्मीने, नईमाबींनी, मला तळोद्याच्या बाजारातून आणलं. "बाहेर का पानी मत पीना, बेटा," असं बजावत उकळलेलं पाणी भरलं आणि झाकण करकचून आवळलं.

ताईंच्या मदतसंस्थेच्या नोकरीत मी सुदानमधल्या छावण्या पाहिल्या, भूकंपानंतरचं नेपाळ पाहिलं. छावणीत पटकीची साथ असे. आपलंच पाणी प्यायचं, हा तिथला नियम. तो ताईंच्या अंगात भिनला. कुणी पाणी पुढे केलं की त्यांचा हात माझ्याकडे वळे. मला त्याचा केवढा अभिमान!

पुढे ताई तळोद्याला परतल्या आणि गावांतले तंटे मिटवायच्या सरकारी कामाला लागल्या. जीपने सातपुड्यात जायचं, दोन्ही बाजूंना एकत्र बसवायचं, ऐकून घ्यायचं.

यंदा उन्हाळ्यात एका पाड्यावर मुलांना उलट्या-जुलाब झाले. झिरा म्हणजे वाळूत खणलेला पाण्याचा खड्डा; पाड्याजवळ तेवढंच पाणी. पाड्यावरच्याच रमिलाबाईने त्यात काहीतरी टाकलं, अशी कुजबुज उठली. तिला तिथे हंडा भरू देईनात. ती पार उतार उतरून दुसरीकडून पाणी आणू लागली.

ताईंनी खूप खेपा घातल्या. पाणी तपासून आणलं. ते स्वच्छ निघालं. शेवटी पाड्याचे कारभारी रामसिंगदादा म्हणाले, "रमिलाबाई पाणी काढी, सगळा जन पीतीन. मंग वाद मिटी जाई."

ठरल्या दिवशी पंच जमले. रमिलाबाईने झिऱ्यातून पाणी उपसून पानांचे द्रोण भरले. "दारू नही शे म्हणीसन कोनी मागे सरकू नका!" रामसिंगदादा म्हणाले. सगळे हसले. पहिला द्रोण तिने ताईंना दिला.

बोलून बोलून ताईंचा घसा सुकला होता. त्यांनी द्रोण अलगद बाजूला ठेवला आणि सवयीने मला उघडून घोट घेतला.

हसणं थांबलं.

"ताई तं बाटलीनं पाणी पीस," पाड्यावरची आशा म्हणाली. तिचीही मुलं आजारी पडली होती. "मंग मी मन्हा पोऱ्यासले हाई कसाले पाजू?"

रमिलाबाई ओरडली नाही. "तुले बी भेव वाटस का, ताई?" एवढंच म्हणाली.

ताईंनी घाईघाईने द्रोण रिकामा केला, दुसराही मागितला. पण बाकीचे द्रोण तोवर जमिनीवर ठेवले गेले होते. लोक एकेक करून उठले. रमिलाबाई रिकामा हंडा घेऊन उताराला लागली.

ताईंनी माझ्यातलं पाणी वाळूत ओतलं आणि मला झिऱ्याकाठच्या करंजाला टांगलं. आता त्या दर आठवड्याला येतात, झिऱ्याचं पाणी माझ्यात भरून सगळ्यांसमोर पितात. रामसिंगदादाही पितात. परवा आशा प्यायली, मुलांना पाजलं आणि तिनेच हाक मारली, "ये वं रमिलाबाई, भरी ले हंडा."

रमिलाबाई थांबली नाही. खालच्या वाटेनेच गेली.

कुणाच्या दारी समेट करायला जाल, तेव्हा मला घरी ठेवून जा. आणि रमिलाबाई, तू कधी या वाटेने आलीस, तर माझं झाकण सैलच आहे.