हेमलताबाईंच्या जागी तीन घड

लीलाधर पाटलांनी सहा वर्षं खपून घरीच बांधलेल्या लाल, दोन सीटांच्या स्पोर्ट्स कारमध्ये त्यांची बायको अजून एकदाही बसली नव्हती. निम्मं सावदा गाव बसून, हॉर्न वाजवून गेलं होतं. अडचण हातांची होती. लीलाधर निवृत्त मास्तर. बोलताना त्यांना दोन्ही हात हवेत लागत, आणि बोलणं दिवसभर चाले.

"तुमना हात स्टेरिंगवर ऱ्हातस का कधी?" हेमलताबाई शिंदखेड्याच्या माहेरच्या बोलीत म्हणाल्या. "मंग गाडीलेच सरळ चालता येवाले जोयजे. तवलोंग मी काई बसस नई."

अशा रीतीने, गाडी हात न लावता सरळ चालावी म्हणून, पुढच्या चाकांचं अलाइनमेंट हा घरगुती प्रश्न झाला.

अंगणात गाडीच्या दोन्ही अंगांनी दोऱ्या ताणल्या गेल्या. गवंड्याचा ओळंबा आला. चाकं अडकून न राहता आपोआप जागेवर बसावीत म्हणून त्यांच्याखाली ग्रीस लावलेल्या फरशा गेल्या. माणसं बसल्यावर गाडी जितकी दबते तितकी दाबूनच माप घ्यायचं, असा नियम आहे. म्हणून उजव्या सीटवर लीलाधरांऐवजी दीड पोतं सिमेंट ठेवलं, आणि डाव्या सीटवर हेमलताबाईंच्या साठ किलोंऐवजी पिकत आलेल्या केळीचे तीन घड.

"काय लीलाधरभाऊ," शेजारचे प्रेमराज कंपाउंडवरून वाकले, "गाडीचं डोहाळजेवण करून राह्यले का?"

"कॅम्बर बघतोय. चाक किती कललंय ते."

"बरं, बरं. कितवा महिना?" म्हणत प्रेमराजांनी दोन केळी तोडली.

काम आठ दिवस चाललं. पुढची चाकं वळवणाऱ्या टाय-रॉडचा पाव आटा फिरवायचा, गाडी दहा पावलं पुढे-मागे ढकलायची, पुन्हा माप. दोरी वाऱ्याने हलली की लीलाधर पट्टी धरून थांबत. लाल बॉनेटवरून केळीच्या पानाची सावली सावकाश जाई. थांबता थांबता त्यांना वाटे, अंगण कधीच मागे पडलंय, गाडी सपाट पाण्यावरून चाललीय आणि शेजारी हेमलता कसला तरी पत्ता विचारतेय. मग वारा पडे, आणि अर्धा मिलिमीटर फरक निघे.

बघायला येणारा प्रत्येक जण दोन-चार केळी घेऊन जाई. सावद्यात केळं घेतलं तर कोणी काही म्हणत नाही. नाही घेतलं तर तब्येत विचारतात. लीलाधरांनीही विचार करताना बरीच खाल्ली. आठव्या दिवशी शेवटचं माप बिनचूक जुळलं, तेव्हा डाव्या सीटवर मुख्यत्वे दांडे होते.

त्याच दांड्यांसकट त्यांनी चाचणी घेतली. हेमलताबाई रस्त्याकडेला उभ्या होत्या. समोरून गाडी सुतासारखी सरळ आली, आणि आत लीलाधर दोन्ही हात जोडून बसलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं शिंदखेड्याला निघाले.

यावल येईपर्यंत लीलाधरांना कळलं. गाडी डावीकडे ओढत होती. हळूच, पण सतत. दांड्यांचं आणि हेमलताचं वजन त्यांनी मनातल्या मनात ताडून पाहिलं आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. हात अडकल्यावर तोंडही उघडेना.

"बोलत काबर नई?" हेमलताबाईंनी विचारलं.

"ऐकतोय."

हे त्यांना नवीन होतं. त्या सीटवर सावरून बसल्या. मग बोलू लागल्या. लहानपणी माहेरच्या ओट्यावर बांधलेल्या शेळीपासून सुरुवात झाली. दोन्हीकडून बागा सरकत होत्या, धुकं बॉनेटवर येऊन फाटत होतं, आणि त्यांचा आवाज वाऱ्यात मधूनच हरवून पुन्हा सापडत होता. तीस वर्षांच्या संसारात ही शेळी लीलाधरांनी कधी ऐकली नव्हती.

चोपड्याजवळ, गोष्ट त्यांच्या शाळेत चौथीच्या वर्गापर्यंत आली असताना, त्या बोलता बोलता मध्येच थांबल्या.

"गाडी डाव्या अंगले ओढस ना?"

"हो," लीलाधर म्हणाले. "पाव आट्याचं काम आहे. पुढे सावली बघून थांबतो, दहा मिनिटांत सरळ करतो."

"आते ऱ्हाऊ द्या," हेमलताबाई पदर सावरत म्हणाल्या. "मनी गोष्ट आजून सातवीलोंगबी उनी नई."