मऊ आवाज

रंभाबाईंनी आमटीत मुद्दाम मीठ जास्त टाकलं. चिमूट-दोन चिमूट नाही, चांगली मूठ आवळून टाकलं, वर पळी फिरवली आणि चुलीपुढून उठून भिंतीला टेकून बसल्या.

शुभांगी आली. ताट वाढून घेतलं, भाकरी कुस्करली, पहिला घास तोंडात घातला. रंभाबाई सुनेच्या घशाकडं बघत होत्या. घास अडला, थांबला, मग खाली गेला. शुभांगीनं तांब्या तोंडाला लावला.

"कशी झालीय?"

"चांगली झालीय, आत्या."

रंभाबाईंना हे उत्तर नको होतं.

लग्न होऊन आली त्या दिवसापासून ही पोरगी ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. मीठ जरा कमी पडलं तरी, "आत्या, ही आमटी हाय का भांडी धुतल्यालं पाणी?" असं तोंडावर विचारायची. मग रंभाबाई तिच्या माहेरापर्यंत, थेट नांद्यापर्यंत पोचायच्या. जमिनी इकून फ्लॅटात ऱ्हायला गेल्याल्या मानसांनी चवीचं बोलूच नये, म्हणायच्या. गल्लीतल्या बायका उंबऱ्यात येऊन ऐकायच्या. दोघींनाही त्याशिवाय दिवस उगवल्यासारखा वाटायचा नाही.

पुण्याच्या दवाखान्यातून आल्यापासून ते सगळं बंद पडलं होतं.

त्या दिवशी डॉक्टर म्हणाला, "आजी, तुम्ही जरा बाहेर बाकावर बसा." मुलगा कैलास आणि शुभांगी आतच राहिली. दार उघडलं तेव्हा कैलास फरशीकडं बघत बाहेर आला आणि जिना उतरताना शुभांगीनं सासूचा हात धरला. उभ्या जन्मात धरला नव्हता. "अशक्तपणा हाय आई, गोळ्या दिल्यात," कैलास म्हणाला.

रंभाबाईंनीही विचारलं नाही. उभ्या आयुष्यात कुणापुढं हात पसरला नव्हता, तो आता आपल्याच मरणाची माहिती मागायला पसरायचा? त्यापेक्षा त्यांनी दुसरा रस्ता धरला होता. भाताची रोळी मुद्दाम सांडून बघितली. शुभांगीची चांगली साडी अंगण सारवायला घेऊन बघितली. आज मीठ टाकलं. पोरगी एकदा भडकली असती तर त्या रात्री सुखानं झोपल्या असत्या.

"तुमी जेवत न्हाई का?" शुभांगीनं विचारलं.

"भूक न्हाई."

"मग ऱ्हाऊ द्या. जेवावं वाटलं तर जेवा, न्हाईतर झाकून ठिवा. कायबी घाई न्हाई. तुमाला पायजेल तसं."

असं म्हणून ती उठली. रंभाबाईंच्या डाव्या कुशीत काहीतरी ओढल्यासारखं झालं. हल्ली व्हायचं. त्यांनी तिथं हात नेला नाही, कारण शुभांगी वळून बघत होती.

बाहेर गाडी वाजली.

जनावरं विकल्यावर शुभांगीनं गोठ्याचा स्टुडिओ केला होता. गव्हाण काढली, भिंतींना पांढरा रंग दिला, उत्तरेची खिडकी मोठी करून घेतली. आता महाळुंग्याच्या टॉवरांतली कुत्री-मांजरं गाडीत बसून फोटो काढून घ्यायला यायची. "आमच्या म्हशीला जल्मात कुनी आरसा दावला न्हाई," रंभाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आन ही कुत्री बघा, भांग पाडून येत्यात." पण त्यांच्या सांगण्यात कौतुकच जास्त असायचं, ताम्हिणीपर्यंतच्या रस्त्याला असली सून दुसऱ्या कुणाकडं नव्हती.

गोठ्यात मात्र त्यांना मज्जाव होता. त्यांचा आवाज ऐकला की कुत्र्यांचे कान पडतात, असं शुभांगीचं म्हणणं. म्हणून त्या ओट्यावर बसून ऐकायच्या. आतून शिट्ट्या यायच्या, रबराची चिमणी चीं चीं करायची, "ए गाढवा, हिकडं बघ की, कुटं बघतुयास," असं सुनेचं ओरडणं आणि मालकांचं हसणं यायचं. कधीकधी एखादी गाडी अशी यायची की दार लागायचं आणि आतून काहीच ऐकू यायचं नाही. त्या गाड्यांचं रंभाबाईंनी कधी मनावर घेतलं नव्हतं.

आजची गाडी अंगणात थांबली आणि एक पंचविशीतला पोरगा उतरला. त्यानं मागचं दार उघडून एक मोठं, चॉकलेटी रंगाचं कुत्रं दोन्ही हातांवर उचललं, लहान पोराला उचलावं तसं.

"पाय न्हाईत का त्याला?" रंभाबाई ओट्यावरून म्हणाल्या.

"आहेत ना आजी. थकलाय जरा." पोरगा कसनुसा हसला. "मी अमोघ. हा कॉफी."

"चहा कुटंय मग?"

पोरगा खरंच हसला. शुभांगी हात पुसत बाहेर आली. एरवी तिनं डोळे वटारले असते. आज तिनं कुत्र्याकडं बघितलं, मग सासूकडं, आणि घसा खाकरला.

"आत्या, कैलास कामावर गेलाय. जरा थर्माकोल धरायला येता का? खिडकीचा उजेड एकाच अंगानं येतोय, दुसरी बाजू काळी पडतीया." मग घाईनं म्हणाली, "जमलं तर. न्हाई जमलं तर ऱ्हाऊ द्या."

"न जमायला काय मला लकवा झालाय?" म्हणत रंभाबाई उठल्या. उठताना भिंत धरावी लागली.

आत गेल्यावर शुभांगीनं दार लावलं. अमोघनं कुत्र्याला खिडकीपाशी गोधडीवर ठेवलं. शुभांगीनं त्याच्या गळ्यातला पट्टा काढला, मानेवर पट्ट्याची घडी पडली होती तिथले केस बोटांनी सारखे केले. मग अमोघला आपल्या पाठीशी, उजव्या खांद्यामागं उभं केलं. "तुम्ही फक्त इथं उभे राहा. हाक मारू नका. तो तुम्हाला शोधेल." रंभाबाईंच्या हातात थर्माकोलची पांढरी पाटी दिली आणि ती कुठं, किती तिरकी धरायची ते दाखवलं. आणि मग ती चक्क पालथी पडली. फरशीवर पोट टेकून, कोपरं रोवून, कुत्र्याच्या तोंडासमोर तोंड.

रंभाबाईंना वाटलं, आता शिट्टी मारेल. चिमणी वाजवेल.

शुभांगीनं काहीच केलं नाही. कॅमेरा फरशीवर ठेवला, कुत्र्याकडं सरकवला. कुत्र्यानं नाक हलवलं, भिंग हुंगलं, मान खाली टाकली. बाहेर कुणाच्या तरी खळ्यावर भात झोडपल्याचा आवाज येत होता. रंभाबाईंचे हात भरून आले, पण पाटी हलली नाही.

मग शुभांगी बोलायला लागली.

"दमलास व्हय रं. बरं. पड तसाच. बसावं वाटलं तर बस, न्हाईतर ऱ्हाऊ दे. कायबी घाई न्हाई. तुला पायजेल तसं."

रंभाबाईंनी मान वळवली.

"मान दुखती का? मग नगं उचलू. मी हाय हितंच. कुटं जात न्हाई मी."

तोच आवाज होता. थोडा खालचा, कडेनं मऊ, शब्दांना कुठं टोक नसलेला. दवाखान्याच्या जिन्यात तो पहिल्यांदा ऐकला होता. गोळ्या देताना, पाठ चोळून देताना, अंथरूण घालताना तोच. मघाशी जेवताना तोच. रंभाबाईंना वाटलं होतं, सून आपल्यापासून काहीतरी लपवतेय आणि लपवता लपवता आवाज असा झालाय. आता पुढ्यात बघत होत्या. ती लपवत नव्हती. हा आवाज तिला काढता येत होता. तिनं तो इथं, दार लावून, कितीतरी जनावरांवर फिरवला होता.

कुत्र्यानं मालकाला हुडकत डोळे वर केले. खिडकी त्या दुधाळ डोळ्यांत चौकोनी उतरली. कॅमेरा हळूच वाजला, आणि परत वाजला.

"व्हय. व्हय रं राजा. झालं."

काम उरकल्यावर शुभांगी अमोघला फोटो दाखवू लागली. त्यानं एक बघितला आणि बाहेर निघून गेला. रंभाबाई पाटी भिंतीला लावून त्याच्या मागं गेल्या. पोरगा गाडीला टेकून उभा होता, मनगटानं डोळे पुसत.

"काय झालंय त्याला?"

"किडन्या, आजी. डॉक्टर म्हणाले, आता औषधाचा त्रास देऊ नका. त्याला आवडेल ते खाऊ द्या, आवडेल तसं राहू द्या." तो नाक ओढून म्हणाला, "म्हणून इथं आणला. शुभांगीताई अशांचे फोटो चांगले काढतात, आमच्या सोसायटीत सगळे सांगतात. त्या त्यांना घाबरवत नाहीत."

"त्याला ठावं हाय का?"

"काय?"

"चाललाय ते."

अमोघनं गोठ्याच्या दाराकडं बघितलं. "असेल, बहुतेक. आधी सोफ्यावर चढला की आई लाटणं घेऊन धावायची. आता स्वतः उचलून ठेवते. त्याला विचित्र वाटत असणारच ना. परवा तो सोफ्यावरून उतरून खाली फरशीवर जाऊन पडला. आईनं परत वर ठेवला, तर परत खाली."

अंगणात वाळत घातलेल्या भातात एक कोंबडी शिरली होती. एरवी रंभाबाईंनी तिला दगड मारला असता. आज तिला दाणे टिपताना बघत ओट्याची कड धरून उभ्या राहिल्या.

"घरी गेल्यावर आईला सांग," त्या शेवटी म्हणाल्या, "एकदा लाटणं उचल म्हणावं. मारू नगं. नुसतं उचल."

गाडी उतारावरून दिसेनाशी झाली तेव्हा रंभाबाई गोठ्यात परत आल्या. शुभांगी गोधडीवरचे केस झटकत होती. रंभाबाई तिच्या शेजारून गेल्या, खिडकीखालचं स्टूल पायानं सरळ केलं आणि त्यावर बसल्या. डोक्यावर पदर घेतला.

"काढ माझा."

शुभांगीचा हात थांबला. "आत्ता? उभं ऱ्हाऊन दमला आसाल. उद्या काढू की सकाळी, चांगलं लुगडं नेसून."

"उद्याचं उद्या बघू. आज काढ."

शुभांगीनं गोधडीची घडी घातली. घातलेली मोडली, परत घातली. मग कॅमेरा उचलला आणि सासूच्या समोर गुडघ्यांवर बसली.

"बरं. बसा आरामात, आत्या. जसं वाटंल तसं बसा. कायबी घाई न्हाई—"

"त्या आवाजात बोलू नगंस."

"कुठल्या?"

"त्याच्याशी बोलत हुतीस त्या."

कॅमेरा खाली आला. शुभांगीनं सासूकडं बघितलं, आणि रंभाबाईंनी तिला बघू दिलं. तोंड फिरवलं नाही, पदर पुढं ओढला नाही. खळ्यावरची झोडपणी थांबली होती. शुभांगीचे ओठ आत ओढले गेले आणि हनुवटी हलायला लागली.

"आत्या, मी सांगनार हुते. कैलास म्हनला—"

"मी इचारलं का काय?" रंभाबाईंचा आवाज चढला, पण मधेच फाटला. "मला कायबी सांगू नगं. कळलं ते कळलं. माझ्यासंगं नीट भांड फकस्त. हे मऊ मऊ ऐकून माझा जीव रोज आर्धा व्हतोय. ह्या घरात मी अजून बोलती-चालती हाय का न्हाई, तेच मला कळंना झालंय."

शुभांगीनं बाहीला नाक पुसलं. मग कॅमेरा डोळ्याला लावला, काढला, परत लावला.

"मग हनुवटी वर करा," ती म्हणाली. आवाज खरखरीत होता. "आन पदर नीट घ्या. पोत्याला फडकं गुंडाळल्यावानी दिसतंय."

"तुज्या आईनं शिकिवलं का पदर घ्यायला?"

"माज्या आईला मधी आणू नका. आन तोंड मिटा जरा घटकाभर, फोटू हलतोय."

"तोंड मिटल्यालं फोटू हार घालायला काढत्यात."

शुभांगीचं बोट कॅमेऱ्याच्या बटणावरच थांबलं. रंभाबाईंना वाटलं, आता रडेल, आता परत तसल्या आवाजात बोलेल, आणि त्यांनी स्टुलाच्या कडा घट्ट धरल्या.

"मग बोला," शुभांगी म्हणाली, चांगली मोठ्यानं. "बोला काय बोलायचंय ते. गावानं बी ऐकू दे."

रंभाबाई बोलायला लागल्या. नांद्याच्या फ्लॅटांपासून सुरुवात केली, तिथून शुभांगीच्या भावाच्या मोटारसायकलीवर आल्या, तिथून अंगण सारवायला घेतलेल्या साडीवर, आणि साडीवर आल्या तेव्हा शुभांगीनं कॅमेऱ्यामागून तोंड काढून पहिलं उलट उत्तर दिलं. रंभाबाईंनी श्वास घेतला आणि दुप्पट आवाज लावला. कॅमेरा वाजत राहिला. शेजारची गोजराबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती. तिनं गोठ्याच्या खिडकीकडं बघितलं आणि कुणाला तरी हाक मारून सांगितलं, "काय न्हाई गं, सासू-सुना हायेत."